अपघातात सापडलेली जुनी, जिवाभावाची गाडी दुरुस्त करावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांची पद्मिनी, संसारातली पहिली मारुती 800, पिंपरीच्या कारखान्यातून बाहेर पडलेली सिएरा किंवा इंडिका. अशी गाडी ठोकली गेली की पुण्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. विमा आणि आरटीओचे नियम खासगी चारचाकी धरून दिले आहेत. टॅक्सी-टेम्पोला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

1. आत्ताच ठोकली आहे. पहिल्या दिवशी काय करू?

आधी माणसं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. कुणाला इजा झाली असेल तर पंचनामा होऊ द्या. नवले पुलाजवळ किंवा कात्रजच्या उतारावर गाडी बंद पडली असेल तर फोटो काढा आणि रस्त्यावरून बाजूला व्हा. मागून येणारा ट्रक तुमच्या गाडीचं वय बघत नाही.

समोरून मार बसला असेल तर गाडी पुन्हा चालू करून बघू नका. रेडिएटर फुटला असेल तर पाणी निघून गेलेलं असतं. घरापर्यंत नेऊ म्हणून चालवलेल्या चार किलोमीटरमध्ये हेड गॅस्केट जाते आणि पत्र्याचं काम इंजिनाच्या कामापर्यंत पोहोचतं. पेट्रोलचा वास येत असेल तर बॅटरीची तार काढा. गाडी हलवायची तर फ्लॅटबेड ट्रकवर चढवूनच.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एक बोल्टसुद्धा खोलू देऊ नका. "उद्यापर्यंत खोलून ठेवतो, लवकर होईल" असं तो मदतीच्या भावनेनंच म्हणतो, पण नंतर क्लेममध्ये अडचण तुम्हाला येते.

2. दुरुस्त करायची की नाही, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

आधी सांगाडा, मग कागद, मग पैसे. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरू करतात: एस्टिमेट येतं, गाडीची बाजारातली किंमत आठवते, आणि घरात वाद सुरू होतो.

सांगाडा शाबूत असेल तर बाकी जवळजवळ सगळं परत आणता येतं, मग खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला तरी चालेल. तो तुमचा पैसा आहे आणि जी गाडी तुम्हाला हवी आहे ती बाजारात मिळत नाही. पण माणसं बसतात तिथला सांगाडा वाकला असेल आणि तो मोजमापात परत येत नसेल, तर कितीही जीव असला तरी ती गाडी घरच्यांना बसवून रस्त्यावर काढू नये. या एका मुद्द्यावर आम्ही तडजोड करत नाही. सांगाडा कसा तपासायचा ते प्रश्न 3 मध्ये, कागदांचं 12 ते 14 मध्ये, पैशांचं 5 ते 9 मध्ये.

3. सांगाडा वाकलाय हे मला कसं कळेल? गॅरेजवाला म्हणतो, "काही नाही साहेब, पत्राच आहे."

पद्मिनी, मारुती 800, इंडिका या गाड्यांना वेगळी चेसिस नाही. आपण ज्याला पत्रा म्हणतो त्यातलाच मोठा भाग हा सांगाडा आहे. मडगार्ड, बॉनेट, दार, डिकीचं झाकण ही वरची कातडी. आतला एप्रन (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा), शॉकअप जिथे बसतो तो भाग, पुढचे दोन लांब मेंबर, दाराखालची पट्टी, फरशी, दारांमधले खांब आणि इंजिन व केबिनमधली भिंत ही हाडं. जीप, जिप्सी, सुमो, सिएरा यांना खाली वेगळी शिडीसारखी चेसिस असते. त्यात बॉडी चेपली तरी चेसिस सरळ असू शकते, आणि उलटही घडतं, म्हणून दोन्ही बघावं लागतं.

स्वतः बघण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. चारही दारं उघडून लावा. आधी बोटाने लागणारं दार आता उचलून लावावं लागतंय का? दार आणि खांब यांच्यातली फट वरखाली सारखी आहे का? पुढच्या काचेच्या कोपऱ्यात नवी चीर, छतावर अंधुक लाट, पायाखालच्या चटईखाली सुरकुती, एप्रनवर रंगाचा पोपडा: यातलं काहीही दिसलं तर मार आत गेलाय.

मग टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, चाकं सरळ ठेवून, दोन्ही बाजूंनी मोजा. मारुती 800 ला ते 2,175 मिलिमीटर, पद्मिनीला 2,340. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक टेप धरण्यातला असू शकतो, पण बोटभर फरक असेल तर चाक किंवा त्याला धरणारा भाग मागे सरकलाय. त्यानंतर कॉम्प्युटरवर चारही चाकांचं अलाइनमेंट करून छापील रिपोर्ट घ्या. एका चाकाचा आकडा ओढूनताणूनही मर्यादेत येत नसेल तर आधी चाकाला धरणारे भाग, म्हणजे आर्म, स्ट्रट आणि नकल, वाकलेत का ते तपासायचे. ते ठीक निघाले तर सांगाड्याकडे वळायचं, आणि शेवटचा निकाल बॉडी जिगवर (सांगाडा बसवून मोजायच्या चौकटीवर) मोजूनच लागतो.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट असते, गंज. मार बसलेल्या जागेच्या आसपास स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथे नवा पत्रा जोडायला खाली धड काही उरलेलं नाही. गंजक्या पत्र्यावरचं वेल्डिंग दिसायला छान दिसतं, पण पुढच्या धक्क्याला ते सुटतं. कधीकधी मार लहान असतो आणि गाडी सोडावी लागते ती गंजामुळे. हे ऐकायला जड जातं, पण पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बाबतीत हे वरचेवर घडतं.

4. जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो. मग ती आजच्या गाडीपेक्षा सुरक्षित नाही का?

नाही. आजच्या गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं बनवलेलं असतं, म्हणजे धक्का तिथेच खर्ची पडतो आणि केबिन टिकते. जाड पत्र्याची जुनी गाडी कमी चेपते आणि धक्का आत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचवते. आपल्याकडे गाड्यांना समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी बंधनकारक झाली ती नव्या मॉडेलना ऑक्टोबर 2017 पासून आणि सगळ्यांना ऑक्टोबर 2019 पासून. त्याआधीची गाडी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण हायवेवर तिच्याकडून जास्त अपेक्षा करू नका. आणि जोराचा अपघात झाला असेल तर सीटबेल्ट नवे बसवा. ताण आलेला पट्टा दुसऱ्यांदा तसा धरत नाही.

5. विमा कंपनी "टोटल लॉस" म्हणते. म्हणजे गाडी संपली का?

गाडी संपली असं नाही, कंपनीचं गणित संपलं. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून जो आकडा असतो, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, त्याच्या 75 टक्क्यांपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त गेला की कंपनी टोटल लॉस धरते. यात गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे की नाही, हा प्रश्न कुठेच येत नाही. ज्यांच्या गाडीला मार बेताचाच असतो त्यांनाही हे पत्र येतं, कारण जुन्या गाडीचा आयडीव्ही फार खाली गेलेला असतो.

पाच वर्षांपर्यंत आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याने उतरतो. पाच वर्षांनंतर मात्र तो कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायचा असतो, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. नूतनीकरणाच्या वेळी एजंट जो आकडा टाकेल त्यावर आपण सही करतो. गाडी उत्तम ठेवलेली असेल तर फोटो, कामाची बिलं, तशाच गाडीचे बाजारभाव दाखवून वाढवून मागा. अपघातानंतर हे करता येत नाही, म्हणून ज्यांची गाडी आज धडधाकट आहे त्यांनी हा परिच्छेद आजच वापरावा.

6. एस्टिमेट 52,000 आहे. कंपनी त्यातले किती देईल?

पूर्ण नाही. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवर 50 टक्के, गाडी कितीही वर्षांची असो. काचेवर काही कापत नाहीत, मजुरीवरही नाही. रंगकामाच्या बिलातला 25 टक्के भाग सामानाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात.

समजा पद्मिनीचा आयडीव्ही 80,000 आहे आणि बिल असं आहे: पत्र्याचे पार्ट 20,000, रबर-प्लास्टिक 6,000, काच 5,000, रंग 12,000, मजुरी 9,000. कपात होईल पार्टवर 10,000, रबर-प्लास्टिकवर 3,000, रंगावर 1,500. शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये सक्तीने तुमच्याकडचे. कंपनी 36,500 देईल, तुमचे 15,500 जातील. 80,000 चे 75 टक्के म्हणजे 60,000, त्यामुळे हा क्लेम दुरुस्तीचा राहतो. खोलल्यावर आतला मार निघून आकडा त्यापलीकडे गेला की प्रश्न 5 सुरू होतो.

"क्लेम घेतला तर नो क्लेम बोनस जाईल" ही भीती जुन्या गाडीला फारशी खरी नाही. तो बोनस फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळतो, आणि लहान आयडीव्हीचा तो हप्ता मुळातच लहान असतो. किती रुपये वाचतात ते एकदा पॉलिसीवर बघा, मग ठरवा.

7. कंपनीने दिलेली रक्कम मान्य नाही. कुठे जायचं?

आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्याचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे. तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत जायचं. सर्व्हेअरचा रिपोर्ट मात्र आधी मागून घ्या. तो हातात नसताना भांडण पुढे सरकत नाही.

8. माझा फक्त थर्ड पार्टी विमा आहे आणि चूक समोरच्याची होती.

मग तुमच्या कंपनीकडून तुमच्या गाडीसाठी काही मिळणार नाही. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मागता येतं, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. आपल्याकडे तो शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात. कायद्यात अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा खासगी गाडीच्या पॉलिसीत साधारण साडेसात लाख असते, त्यामुळे रक्कम अपुरी पडत नाही. अपुरा पडतो तो धीर आणि पुरावा: पंचनामा, दोन्ही गाड्यांचे फोटो, समोरच्याच्या पॉलिसीचा नंबर, पक्की बिलं. नुकसान थोडं असेल आणि समोरचा माणूस जागेवर खर्च द्यायला तयार असेल तर ते स्वीकारणं शहाणपणाचं, पण लेखी.

9. टोटल लॉसचे पैसे घेऊन गाडी माझ्याकडेच ठेवता येईल का?

बऱ्याचदा येते. कंपनी अपघातग्रस्त गाडीची किंमत लावते, ती आयडीव्हीतून वजा करते आणि उरलेली रक्कम देते. आयडीव्ही 80,000, उभ्या गाडीची किंमत 25,000, सक्तीची कपात 1,000, तर हातात 54,000 आणि गाडी तुमची. प्रेमाची गाडी वाचवायचा हा सगळ्यात चांगला मार्ग आहे आणि विचारल्याशिवाय तो कुणी सांगत नाही. सही करण्याआधी एकच गोष्ट लेखी घ्या: आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) रद्द करण्याची अट आहे का? असेल तर ती गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नाही.

10. पार्ट मिळतील का?

यांत्रिक पार्ट मिळतात. नाना पेठेत पद्मिनीच्या ब्रेकपासून मारुतीच्या क्लचपर्यंत विचारत फिरता येतं, आणि तिथल्या जुन्या दुकानदाराला पार्टचं नाव माहीत नसलं तरी तुटका तुकडा दाखवला की पुरतं. मारुती 800 जानेवारी 2014 पर्यंत बनत होती, तिची फार काळजी नाही. अडचण येते पत्र्याची आणि काचेची. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं होऊन गेली. तिचं धड मडगार्ड, ग्रिल, मागची काच यांसाठी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत जावं लागतं, किंवा दुसरी बंद पडलेली गाडीच विकत घ्यावी लागते. सिएरा-इस्टेटवाल्यांचं दुखणं काचांचं. मागच्या बाजूची ती मोठी वळणदार काच फुटली असेल तर ती मिळते का हे आधी बघा, बाकीचं नंतर.

म्हणून आमचा आग्रह असा: न मिळणारे पार्ट हातात आल्याशिवाय गाडी पूर्ण खोलू देऊ नका. खोलून ठेवलेली गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात वर्ष काढते, तिच्या किडूकमिडूक वस्तू हरवतात, आणि शेवटी अपघातापेक्षा त्या वर्षानेच तिचं जास्त नुकसान होतं.

दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणार असाल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. चेसिस नंबर कोरलेला पत्रा मात्र कुणालाही कापू, घासू देऊ नका. अनेक गाड्यांत तो बॉनेटखालच्या मागच्या भिंतीवर असतो, म्हणजे समोरच्या धडकेत डेंटरचा हात नेमका तिथेच जातो. मिस्त्रीला पहिल्याच दिवशी जागा दाखवून ठेवा.

11. शोरूमला द्यावी की आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला?

वीस वर्षांची गाडी बघून शोरूममध्ये बहुधा "पार्ट बंद झाले" असं उत्तर मिळतं. सांगाड्याचं मोजमाप मात्र जिग असलेल्या ठिकाणीच करून घ्या. डेंटिंगचं काम जुना डेंटर जास्त चांगलं करतो. हातोडी आणि डॉलीने मूळ पत्रा उठवणारे लोक अजून आहेत, आणि मूळ पत्रा वाचवणं शक्य असेल तिथे तोच वाचवावा.

पैसे टप्प्यांत द्या आणि एक अट घाला: लांबी (पुट्टी) लावण्याआधी उघड्या पत्र्याचे फोटो. ज्या डेंटरला आपल्या कामाची खात्री आहे तो आनंदाने पाठवतो. तयार झाल्यावर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवून बघा. जिथे ते धरत नाही तिथे लांबीचा जाड थर आहे. रंग जून ते सप्टेंबर टाळा, बंद बूथ असेल तर गोष्ट वेगळी. पुण्यातल्या दमट हवेत मारलेल्या रंगाला फोड येतात.

12. गाडी 15 वर्षांपुढची आहे. आता दुरुस्त करून उपयोग आहे का? बंदी येणार म्हणतात.

वयावरून बंदी आहे ती दिल्ली परिसरात. पुण्यात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर फॉर्म 25 भरून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. एमएच 12 असेल तर संगम पुलाजवळचं आरटीओ, एमएच 14 असेल तर पिंपरी-चिंचवडचं. फी 5,000 रुपये, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000. पर्यावरण कर वेगळा. तपासणीला गाडी दाखवावी लागते, त्यामुळे आधी दुरुस्ती, मग नूतनीकरण.

अवघड प्रसंग असा की मुदत संपलेली असतानाच अपघात झाला. वैध नोंदणी नसलेल्या गाडीचा ओन डॅमेज क्लेम नाकारता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नरिंदर सिंग खटल्यात म्हटलं आहे. तो खटला तात्पुरत्या नोंदणीचा होता, पण कंपन्या त्याचाच आधार घेतात. अशा वेळी दुरुस्तीचा सगळा खर्च स्वतःचा धरूनच निर्णय घ्या.

13. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत.

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारताना लोकांना संकोच वाटतो. वाटू नये. आरसीवरचं ते नाव बदलायला हात धजत नाही, हे समजण्यासारखं आहे.

पण नियम कडक आहे. मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर गाडी करायची. पॉलिसीसुद्धा मृत्यूनंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. त्या काळात अपघात झाला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून क्लेम करता येतो. त्यानंतर झाला असेल तर ओन डॅमेजचा क्लेम बहुधा अडतो. तरी गाडी नावावर करून घ्याच. नावावर नसलेली गाडी दुरुस्त करता येते, पण तिचा नवा विमा, नूतनीकरण किंवा स्क्रॅप, काहीच सरळ होत नाही. वडिलांचा नो क्लेम बोनस जोडीदाराला किंवा मुलांना मिळू शकतो, तो मागायला विसरू नका.

14. आमची फियाट 50 वर्षांवरची आहे. काही वेगळं?

हो. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करता येते. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, फी 20,000, मुदत दहा वर्षं. मात्र चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही, आणि नोंदणीनंतर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. म्हणून अशा गाडीची दुरुस्ती करताना पॅनेल बदलण्यापेक्षा उठवा, दुसरं इंजिन बसवू नका, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा.

15. सीएनजी किट आहे. डिकीला मार बसलाय.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत केंद्रात तपासून होईपर्यंत गॅसवर चालवू नका. दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (सिलिंडरची पाण्याच्या दाबाची चाचणी) नुकतीच झाली असली तरी पुन्हा करून घ्या. ब्रॅकेट वाकला असेल तर सरळ करू नका, नवा घ्या.

16. सांगाडा ठीक आहे, कागद ठीक आहेत, पण घरात एकमत होत नाही. आई म्हणते ठेव, बायको म्हणते काढून टाक.

दोघींचं म्हणणं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल असतं. आई आठवणीबद्दल बोलते, बायको सोसायटीतल्या पार्किंगबद्दल, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल आणि पुढच्या बिलाबद्दल. दोन्ही खरं आहे. म्हणून "ठेवायची का" हे विचारण्याआधी "ही गाडी आता काय करणार" ते ठरवा. रोज मुलांना शाळेत सोडायला ती नसावी, प्रश्न 4 मधल्या कारणांमुळे. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायला असेल, तर खर्च, विमा, वापर सगळंच आटोक्यात राहतं आणि घरचा विरोधही मावळतो.

ती आठवड्याला एकदा कोण चालू करणार, त्या माणसाचं नाव निघालं पाहिजे. नाव निघत नसेल तर दुरुस्तीचे पैसे घालू नका. अशा वेळी सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसाला ती आहे त्या स्थितीत देणं, हे तिच्यावरचं प्रेमच आहे.

17. सोडायचं ठरलं. भंगारवाला घरी येऊन रोख देतोय. देऊ का?

देऊ नका. आरसी तुमच्या नावावर असेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. 2018 च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: विकून टाकली तरी नोंदीतलं नाव ज्याचं, अपघाताची जबाबदारी त्याची. तुमचा चेसिस नंबर कापून दुसऱ्या गाडीवर चढवला गेला तर पोलिस तुमच्याच दारात येतात.

नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. गाडी कायमची निकामी झाली असेल तर कलम 55 नुसार 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची. गाडी देण्याआधी फास्टॅग बंद करा, आणि आरसी रद्द झाल्याचा कागद मिळाल्यावर उरलेल्या काळाच्या हप्त्याबद्दल विमा कंपनीला विचारा. स्टिअरिंग, मीटरचं पॅनेल, बॉनेटवरचं नाव अशा वस्तू ठेवून घ्यायच्या असतील तर केंद्राशी आधीच बोला. वजनातून तेवढी रक्कम कमी होते, पण इंजिन आणि चेसिस नंबरचा भाग मात्र गाडीबरोबरच द्यावा लागतो.